पंचनाम्याला तिसरा रकाना हवा

शरद ऋतू म्हटला की मराठी मनापुढे निवळलेले पाणी, निरभ्र आकाश आणि कापणीस आलेली शेते उभी राहतात. बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावरील बागायतदाराला मात्र हेच दिवस वर्षातील सर्वांत धाकाचे वाटतात. भारताच्या भोवतालच्या समुद्रांत चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात. पहिला मान्सूनपूर्व, म्हणजे एप्रिल ते जून, आणि दुसरा मान्सूनोत्तर, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पूर्व किनाऱ्याला या दुसऱ्या हंगामाचा तडाखा अधिक बसत आला आहे. 12 ऑक्टोबर 2013 रोजी ‘फायलिन’ ओडिशातील गोपाळपूरजवळ धडकले. बरोबर वर्षाने, 12 ऑक्टोबर 2014 रोजी, ‘हुदहुद’ विशाखापट्टणमवर आले. 11 ऑक्टोबर 2018 रोजी ‘तितली’ने आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्यात पलासाजवळ किनारा ओलांडला आणि त्यानंतर पाच आठवड्यांनी, 16 नोव्हेंबरच्या पहाटे, ‘गज’ तमिळनाडूत नागपट्टिनम व वेदारण्यम यांच्या दरम्यान जमिनीवर आले.

29 ऑक्टोबर 1999 च्या ओडिशातील महाचक्रीवादळाने हजारो माणसांचा बळी घेतला होता. त्यानंतर हवामान अंदाज, धोक्याच्या सूचना आणि लोकांना सुरक्षित स्थळी हलविण्याची व्यवस्था यांत देशाने केलेली प्रगती जगाने नावाजावी अशी आहे. आता वादळ येते तेव्हा लाखो माणसे वेळेत निवाऱ्यात पोहोचतात. परंतु माणसे हलवता येतात तशी झाडे हलवता येत नाहीत. श्रीकाकुलमच्या उद्दानम भागातील नारळ-काजूच्या बागा, अराकू खोऱ्यातील कॉफीवर सावली धरणारे सिल्व्हर ओक, तंजावर-पुदुकोट्टई पट्ट्यातील नारळाची लक्षावधी झाडे या वादळांत आडवी झाली. भाताचे नुकसान झाले तर शेतकऱ्याचा एक हंगाम जातो. नारळाची बाग गेली तर त्याच्या संसाराची सात-आठ वर्षे जातात.

अशा वेळी शासन मदत देते, विमा कंपनी पाहणी करते, विद्यापीठे सल्ला प्रसिद्ध करतात. या तिन्ही गोष्टी आवश्यक आहेत. तथापि त्यांच्या मुळाशी असलेल्या पंचनाम्यात झाडांसाठी दोनच रकाने असतात. झाड एक तर ‘नष्ट’ असते, नाही तर ‘शाबूत’. वादळानंतरच्या बागेत फिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते की या दोहोंच्या मध्ये एक मोठा तिसरा वर्ग असतो. तो म्हणजे पडलेल्या पण वाचू शकणाऱ्या झाडांचा. या वर्गाला कागदावर जागा नसल्याने त्याच्यासाठी पैसाही नसतो, मजूरही नसतात आणि वेळही नसतो. परिणामी वाचण्याजोगी झाडे बांधावर सरपण होऊन पडतात. पंचनाम्यात हा तिसरा रकाना घालणे ही फलोत्पादनाच्या दृष्टीने तातडीची गरज आहे.

पडलेले झाड आणि मेलेले झाड

कोणते झाड वाचते हे त्याच्या शरीररचनेवर ठरते. नारळ आणि सुपारी ही एकाच शेंड्यावर जगणारी झाडे आहेत. त्यांचा वाढीचा कोंब एकच असतो. तो मोडला तर खोड कितीही सरळ उभे असले तरी झाड संपले. खोड मध्येच तुटले तरीही तेच. उलट, कोंब शाबूत असेल, झाड कलले किंवा आडवे झाले असेल आणि निम्म्याच्या आसपास मुळे जमिनीत असतील, तर आशा धरण्यास जागा असते. नारळाला सोटमूळ नसते. त्याची मुळे बुंध्यातून झुपक्याने फुटतात आणि बुंधा मातीत दाबला गेला की तेथून नवी मुळे फुटण्याची क्षमता टिकून असते. कोवळ्या झाडांत ही शक्ती अधिक, तर उंच व वयस्क झाडांत कमी असते. शिवाय उंच झाड ओढून उभे करणे हेही अवघड आणि धोक्याचे काम आहे.

काजू आणि आंब्याची गोष्ट निराळी आहे. खोड तुटले तरी खालच्या भागातून त्यांना नवे धुमारे येतात. काजूचे खोड निरोगी भागापर्यंत तिरपे कापून, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावली, तर महिना-दीड महिन्यात धुमारे फुटतात. त्यांतील जोमदार धुमारे राखून त्यांवर चांगल्या जातीचे मृदुकाष्ठ कलम बांधता येते. खालची मुळे जुनी व खोल गेलेली असल्याने असे झाड नव्या रोपापेक्षा लवकर फळावर येते. म्हणजे मोडलेला काजू हा जात सुधारण्याची संधीही ठरू शकतो. मुळासकट उपटलेल्या मोठ्या आंब्याची आशा मात्र थोडी असते. तरुण कलम एका अंगाला कलले असेल तर त्याचा विस्तार हलका करून ते उभे करता येते.

केळीचे खोड मोडले की ते पुन्हा उभे राहत नाही, मात्र कंद जिवंत असतो. मोडलेले खोड कापून, शेतातील पाणी काढून आणि प्रत्येक कंदाला एकच जोमदार तलवारीसारख्या पानांचा पील ठेवून खोडवा धरता येतो. घड तीन-चतुर्थांश भरलेला असेल तर तो उतरवून मिळेल त्या भावाने विकणे शहाणपणाचे असते.

‘शाबूत’ या रकान्यातही एक फसवणूक दडलेली असते. नारळाच्या पोयीचा अंकुर झाडाच्या गाभ्यात धरल्यापासून नारळ पक्व होईपर्यंत सुमारे साडेतीन वर्षे जातात. वादळात झावळ्या पिळवटून गेल्या, शेंडा हादरला, पोयी गळल्या, तर वरून हिरव्या दिसणाऱ्या झाडाचे उत्पन्न पुढील दोन-तीन वर्षे घटलेले राहू शकते. पंचनाम्याच्या दिवशी असे झाड शाबूत म्हणून मोजले जाते आणि त्याचा तोटा कोणत्याही हिशेबात येत नाही.

शरदातील वादळाचे वेगळेपण

वादळाचा महिना कोणता, यावर पडलेल्या झाडाचे भवितव्य बरेचसे ठरते. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन परिसरातील नारळ-सुपारीच्या वाड्या उद्ध्वस्त झाल्या. ती हानी मोठी होती. परंतु त्यानंतर चार महिने पाऊस होता. उभ्या केलेल्या झाडाच्या मुळांना ओल मिळण्याची चिंता नव्हती आणि लावलेले रोपही पावसावर लागण्याजोगे होते. 2021 च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ने सौराष्ट्रातील केसर आंब्याच्या बागा मोडल्या, तेव्हाही पावसाळा दाराशी होता.

ऑक्टोबरमधील वादळाचे तसे नसते. उत्तर आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर वादळाचा पाऊस हा बहुधा वर्षातील अखेरचा मोठा पाऊस ठरतो. त्यानंतर थंडी, मग उन्हाळा, आणि पुढचा पाऊस थेट जूनमध्ये. उभे केलेले झाड नव्या मुळांच्या जोरावर सात-आठ महिने कोरड्यात काढणार असेल तर त्याला पाणी द्यावेच लागते. वादळाने विजेचे खांब पाडलेले असतात, पंप बंद असतात, विहिरीत कचरा किंवा खारे पाणी गेलेले असते. अशा स्थितीत आठवड्यातून एकदा आळे भिजवणे हेही मोठे काम होऊन बसते. तमिळनाडूच्या कावेरी खोऱ्यात ईशान्य मोसमी पाऊस डिसेंबरपर्यंत चालतो, त्यामुळे तेथे थोडा अवधी मिळतो. मात्र त्याच पावसामुळे सखल जमिनीत पाणी साचून हललेली मुळे कुजण्याचा धोकाही असतो. तेथे पहिले काम निचऱ्याचे असते.

समुद्राचे पाणी बागेत शिरले असेल तर हा फरक आणखी ठळक होतो. पुढे पाऊस असला की क्षार धुऊन जातात. पाऊस संपलेला असला की ते जमिनीतच राहतात आणि उन्हाबरोबर वर येतात. त्यामुळे शरदातील वादळानंतर गोड्या पाण्याने जमीन धुणे, चर काढून खारे पाणी बाहेर घालवणे आणि जमीन उघडी न ठेवता पालापाचोळ्याने झाकणे यांना प्राधान्य द्यावे लागते.

किडींचे चक्रही या ऋतूशी जोडलेले आहे. आडवे पडलेले नारळाचे खोड हळूहळू कुजू लागते आणि त्यात गेंड्या भुंग्याच्या अळ्या वाढतात. ताज्या जखमांच्या वासावर सोंड्या भुंगा येतो. ऑक्टोबरात पडलेले खोड वेळेत हलवले नाही तर पुढल्या पावसाळ्यात वाचलेल्या झाडांवर भुंग्यांची धाड पडते. वादळाने ठेवलेली झाडे मग भुंगा नेतो. काजूच्या जखमी खोडात व उघड्या मुळांत रोठ्याचा आणि आंब्यात भिरूडाचा शिरकाव अशाच प्रकारे होतो. म्हणून खोडांची विल्हेवाट हे सार्वजनिक काम मानले पाहिजे. एका बागेतील कुजते खोड शेजारच्या दहा बागांना त्रासदायक ठरते.

पहिले दहा दिवस

आडव्या झाडाची मुळे उघडी पडली की बारीक मुळे उन्हात फार लवकर सुकतात. म्हणून वादळानंतरचे सर्वांत पहिले आणि सर्वांत स्वस्त काम म्हणजे उघडी मुळे ओल्या गोणपाटाने, पेंढ्याने किंवा मातीने झाकणे. याला यंत्र लागत नाही, तज्ज्ञ लागत नाही. तरीही हे काम क्वचितच होते, कारण बागायतदार त्या दिवसांत झाडाला हातच लावत नाही. पंचनामा होईपर्यंत सारे जसेच्या तसे ठेवावे, नाही तर नुकसान मान्य होणार नाही, ही भीती त्याच्या मनात असते. ही भीती निराधार म्हणता येत नाही. रस्ते बंद, कर्मचारी अपुरे आणि गावे शेकडो, अशा स्थितीत पाहणी पथक पोहोचेपर्यंत पंधरा दिवस सहज जातात. तोवर वाचण्याजोगी झाडे खरोखर मेलेली असतात आणि पंचनाम्यातील ‘नष्ट’ हा शेरा खरा ठरतो.

या दहा दिवसांत काय करावे याविषयी शास्त्रात फारसा वाद नाही. कललेल्या नारळाच्या खालच्या जुन्या झावळ्या व फळांचे घड उतरवून भार कमी करावा, वरच्या झावळ्या व सुई मात्र राखावी. ज्या बाजूला झाड उभे करावयाचे त्या बाजूची माती खणून जागा करावी, पिंजलेली मुळे धारदार कोयत्याने साफ कापावीत. खोडाभोवती गोणपाट गुंडाळून, त्यावर दोरखंड बांधून, झाड सावकाश ओढावे. झटका दिला की उरलेली मुळेही तुटतात. उभे केल्यावर माती भरून घट्ट दाबावी, बुंध्याला मातीची भर द्यावी, तीन बाजूंनी टेकू किंवा ताण द्यावेत आणि आळे भिजवावे. शेंड्यात कोंब कुजू नये म्हणून 1 टक्का बोर्डो मिश्रण द्यावे. आंबा-काजूच्या जखमांवर 10 टक्के बोर्डो पेस्ट, म्हणजे 10 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना, लावावी. मुळे गमावलेल्या झाडाचा विस्तारही त्या प्रमाणात कमी करावा. अचानक उन्हात आलेल्या खोडावर चुन्याचा हात द्यावा. नवी मुळे धरेपर्यंत रासायनिक खताची घाई करू नये.

यांतील कोणतेही काम अवघड नाही, पण एकट्या कुटुंबाच्या आवाक्यातले मात्र नाही. घराचे छप्पर उडालेले असताना शंभर झाडे उभी करायची तर माणसे, दोरखंड, कप्पी, यंत्रकरवत आणि ट्रॅक्टर हाताशी हवा. त्या दिवसांत हेच सर्वांत दुर्मीळ असते.

पैसा कशासाठी मिळतो

शेतकरी पैशाच्या दिशेने पाहतो यात गैर काही नाही. म्हणून मदतीची रचना कोणत्या कामाला उत्तेजन देते हे तपासले पाहिजे. ‘गज’ वादळानंतर तमिळनाडू शासनाने पडलेल्या नारळामागे 600 रुपये आणि ते झाड कापून हलविण्यासाठी 500 रुपये, असे एकूण 1,100 रुपये प्रतिझाड जाहीर केले. संकटात सापडलेल्या शेतकऱ्याला ती रक्कम मोलाची होती आणि खोडे हलविण्यासाठी स्वतंत्र तरतूद करणे हे किडींच्या दृष्टीनेही योग्यच होते. परंतु त्या प्रतिझाड आकड्यात झाड पुन्हा उभे करण्याचा भाग नव्हता. वाचण्याजोगे झाड कापले तर मोबदला, उभे केले तर पदरचा खर्च, असा हिशेब शेतकऱ्यापुढे येतो. अशा हिशेबात करवतच जिंकते.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022 ते 2026 या काळासाठीच्या निकषांत 33 टक्के किंवा अधिक हानी झालेल्या बहुवार्षिक पिकांना हेक्टरी 22,500 रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, अशी तरतूद आहे. साडेसात मीटर अंतरावर लावलेल्या नारळाची हेक्टरी सुमारे 175 झाडे धरली तर झाडामागे 130 रुपयेही होत नाहीत. महाराष्ट्राने 2020 मध्ये ‘निसर्ग’नंतर बागांसाठी ही मदत हेक्टरी 50,000 रुपयांपर्यंत वाढवली, तेव्हाही झाडामागचा हिशेब 300 रुपयांच्या आतच राहिला. नारळ विकास मंडळाच्या झाड विमा योजनेत 4 ते 15 वर्षांच्या झाडाला 900 आणि 16 ते 60 वर्षांच्या झाडाला 1,750 रुपये असे विमा संरक्षण आखलेले आहे. हप्ता वर्षाला अनुक्रमे 9 आणि 14 रुपये, आणि त्यातही तीन-चतुर्थांश वाटा अनुदानाचा. इतक्या स्वस्त योजनेचा प्रसार अधिक व्हायला हवा, हे खरेच. परंतु तेथेही भरपाईचा पाया झाड मेले वा निकामी झाले हाच आहे. झाड वाचविण्यासाठी केलेला खर्च कोठेच धरला जात नाही.

याच्या उलट बाजूला नव्या लागवडीचा खर्च मांडून पाहावा. उंच जातीचा नारळ फळावर येण्यास सहा-सात वर्षे लागतात. त्याआधी बियाण्याचे नारळ अकरा-बारा महिन्यांचे पक्व व्हावे लागतात आणि रोप रोपवाटिकेत नऊ महिने ते वर्षभर राहावे लागते. वादळानंतर एकाच वेळी लाखो रोपांची मागणी आली की चांगल्या मातृवृक्षांची रोपे पुरत नाहीत. मग मिळेल तेथून, मिळेल ते रोप लावले जाते. चुकीच्या रोपाची चूक सात वर्षांनी कळते. उभे केलेले दहा-बारा वर्षांचे झाड दोन-तीन वर्षांत पुन्हा धरू लागले, तर बागायतदाराची चार-पाच वर्षे वाचतात. ही वर्षे म्हणजेच मुलांचे शिक्षण, मुलीचे लग्न, कर्जाचे हप्ते. स्थलांतर करायचे की गावातच राहायचे, हा निर्णयही बहुतेक कुटुंबांत या वर्षांवरच होतो.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

या सूचनेवर रास्त आक्षेप घेता येतील. पहिला, उभी केलेली झाडे सारीच जगत नाहीत. हे मान्य केले पाहिजे. म्हणूनच मदत दोन हप्त्यांत असावी. पहिला हप्ता झाड उभे केल्यावर आणि दुसरा वर्षानंतर, झाड जिवंत असून नवी पाने येत असल्यास. काळजी घेऊनही झाड मेले तर शेतकऱ्याचा ‘नष्ट’ झाडाच्या मदतीवरचा हक्क कायम राहावा. ही अट नसेल तर कोणीही जोखीम घेणार नाही.

दुसरा आक्षेप गैरव्यवहाराचा. न पडलेली झाडे उभी केली म्हणून दाखवली जातील, ही शंका रास्त आहे. पण पिकाच्या विम्यासाठी आणि पाहणीसाठी आज स्थळ व वेळ नोंदवणारी भ्रमणध्वनीवरील छायाचित्रे वापरली जातच आहेत. झाडाला हात लावण्यापूर्वीचे आणि उभे केल्यानंतरचे छायाचित्र, गावातील दोन साक्षीदार व कृषी कर्मचाऱ्याची नंतरची नमुना पडताळणी एवढ्यावर काम भागते. शिवाय छायाचित्र हाच पुरावा मानला तर पंचनाम्याची वाट पाहत झाडे सुकवण्याची वेळही येत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुन्या, कमी उत्पन्नाच्या बागा वाचवण्यापेक्षा वादळाची संधी साधून सुधारित जातींची लागवड करावी, असे काही तज्ज्ञ म्हणतील. साठीला आलेला नारळ किंवा पोकळ झालेला आंबा उभा करण्यात अर्थ नाही, हे कोणीही मान्य करील. तिसऱ्या रकान्याचा हेतू निवड करणे हाच आहे. वय, इजेचा प्रकार, शिल्लक मुळे आणि कोंबाची स्थिती या चार कसोट्यांवर तरुण व मध्यम वयाची झाडे उभी करावीत आणि जुन्यांच्या जागी नवी रोपे लावावीत. अशा मिश्र बागेत जुनी झाडे घर चालवतात तोवर नवी वाढतात. मोकळ्या झालेल्या जागेतील उन्हाचा उपयोग करून मूग, उडीद, भाजीपाला, कंदपिके घेतली तर हातात थोडा पैसाही खेळता राहतो.

विस्तार कार्यकर्त्याचा सप्टेंबर

धोरण बदलण्यास वेळ लागेल. तोपर्यंत विस्तार यंत्रणेला बरेच काही करता येण्यासारखे आहे आणि ते वादळ येण्यापूर्वी, सप्टेंबरातच करावे लागेल. प्रत्येक किनारी गटात आठ-दहा तरुणांचे एक बाग-उभारणी पथक असावे. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा गावातील अवजार बँक यांच्याकडे दोन यंत्रकरवती, दोरखंड, कप्प्या, बांबू आणि मोरचूद-चुना यांचा साठा असावा. कृषी विज्ञान केंद्राने एखाद्या जुन्या कललेल्या झाडावर प्रत्यक्ष उभारणी करून दाखवावी. छापील पत्रक वाचून दोरखंड कोठे बांधायचा हे कळत नाही. लोंबकळत्या फांद्या, तुटलेल्या विद्युततारा आणि करवत यांपासूनची सुरक्षितता हाही या प्रशिक्षणाचा भाग असावा. वादळाने न मारलेली माणसे वादळानंतरच्या साफसफाईत मरतात, हे विसरता कामा नये.

हवामान खात्याची चक्रीवादळाची सूचना टप्प्याटप्प्याने येते. पूर्वसूचना 72 तास आधी, पहिला इशारा 48 तास आधी आणि पुढचा 24 तास आधी मिळतो. बागायतदाराच्या कामांचे वेळापत्रक या टप्प्यांशी जोडावे. पूर्वसूचना मिळताच चर मोकळे करावेत, तयार नारळ उतरवावेत, झाडांची छायाचित्रे व संख्या नोंदवावी. 48 तासांच्या टप्प्यात नारळाच्या खालच्या जड झावळ्या काढाव्यात, केळीला बांबूचे टेकू द्यावेत, भरलेले घड उतरवावेत. 24 तास उरले की कोणीही झाडावर चढू नये. ही तीन ओळींची सूची स्थानिक भाषेत गावाच्या चावडीवर लागली तरी मोठा उपयोग होईल.

दीर्घकालीन उपाय नवे नाहीत, पण सातत्याने मागे पडतात. सुरूसारख्या झाडांचा वारारोधक पट्टा आपल्या उंचीच्या दहा पटींहून अधिक अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी करतो. तो भिंतीसारखा घट्ट नसावा. थोडा वारा आरपार जाऊ देणारा पट्टा अधिक उपयोगी ठरतो, कारण घट्ट अडथळ्यामागे वारा भोवरे घेतो. दरवर्षी हलकी छाटणी केलेला आंबा-काजू वाऱ्याला कमी अडतो. एकाच पिकावर सारी जमीन टाकण्याचा धोका उद्दानम आणि तंजावरच्या बागायतदारांनी एका रात्रीत अनुभवला आहे.

कोकणातील वाचकांना हे सारे दूरचे वाटू नये. 11 नोव्हेंबर 2009 रोजी ‘फयान’ने कोकण किनाऱ्याला तडाखा दिला, तो याच ऋतूत. आंबा मोहोरण्याच्या तयारीत असताना आणि पाऊस संपलेला असताना येणारे वादळ जूनच्या वादळापेक्षा वेगळे हाताळावे लागते. त्यासाठी लागणारा अनुभव पूर्व किनाऱ्याकडे मोठ्या किमतीने जमा झाला आहे. तो ओडिया, तेलुगू आणि तमिळ भाषांतून मराठीत यायला हवा आणि ‘निसर्ग’नंतर रायगड-रत्नागिरीच्या वाड्यांत जे कळले तेही तिकडे जायला हवे.

वादळ थांबवणे कोणाच्या हाती नाही. पडलेल्या झाडाकडे पाहून ते मेले की पडले, एवढा प्रश्न विचारणे मात्र हाती आहे, आणि त्या प्रश्नासाठी पंचनाम्याच्या कागदावर फक्त एक रकाना वाढवावा लागतो. मदतीचे निकष ठराविक काळाने नव्याने ठरतात. पुढच्या वेळी ते ठरतील तेव्हा ‘उभारण्याजोगे’ हा शब्द त्यांत असावा, यासाठी विद्यापीठे, फलोत्पादन खाती आणि बागायतदारांच्या संघटना यांनी आतापासूनच आपापल्या भागातील उभारणीच्या नोंदी ठेवाव्यात. किती झाडे उभी केली, किती जगली, किती खर्च आला आणि किती वर्षांनी फळ लागले, या चार आकड्यांची वही प्रत्येक किनारी तालुक्यात असली, तर तिसऱ्या रकान्याची मागणी कोणाला नाकारता येणार नाही.